स्पेसोलिमॅब: पुवाच्या सोरायसिसवरचं औषध, कामाचं किती?

जनरलाइज्ड पस्ट्युलर सोरायसिस म्हणजे साध्या सोरायसिसची वाढलेली पायरी नव्हे. फणफणून ताप, अंगभर लाली आणि वर बारीक पुटकुळ्या. त्या एकमेकींत मिसळल्या की पुवाचे थरच्या थर. तो पू कल्चरला पाठवा, जंतू निघत नाहीत. सगळा न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा खच!

त्वचेच्या पेशी आयएल-३६ हे दाह भडकवणारं निरोप्या-प्रथिन सोडतात, त्या हाकेला न्यूट्रोफिल धावून येतात आणि त्यांचीच एन्झाइम्स अर्धवट आयएल-३६ला कापून आणखी कामाला लावतात. असं हे चक्र फिरत राहतं. शरीराकडे याला आवर घालणारं एक प्रथिन असतं. काही रुग्णांत त्याच्या जीनमध्येच दोष असतो, हे २०११ साली कळलं. स्पेसोलिमॅब थेट आयएल-३६चा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणारी पेशीवरची जागा, अडवतं. नेम अचूक, यात वाद नाही.

५३ रुग्णांच्या चाचणीत आठवड्याभरात पुटकुळ्या पूर्ण गेल्या ५४ टक्क्यांच्या, नुसत्या सलाईनसारख्या प्लासिबोवर ६ टक्क्यांच्या. या आजारात हा वेग फार मोठा आहे. पण उरलेल्यांचं काय, हेही घरच्यांना आधी सांगावं.

तयारी किचकट. ४५० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या, मिळून १५ मिली. १०० मिली नॉर्मल सलाईनमधून आधी १५ मिली काढून टाकायचं, मग औषध हळूच घालायचं. पिशवी खळाखळा हलवायची नाही. ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावून ९० मिनिटांत द्यायचं. पुटकुळ्या टिकल्या तर आठवड्याने तेवढाच आणखी एक डोस. कातडीखाली द्यायची सिरिंजही आहे, आधी ६०० आणि पुढे दर ४ आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. पण ती आजार शांत असताना, पुन्हा भडकू नये म्हणून. ऐन भडक्यात ती टोचणं चूक.

आधी टीबीची तपासणी हवीच, जिवंत लसी टाळायच्या. पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर झटक्यात बंद करू नका, भडका त्यानेच उडतो. कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. ते आणि शरीरातलं पाणी या औषधाने सावरत नाही, वेगळं बघावं लागतं.

आणि मुळात निदान पक्कं करा. नुकतंच एखादं नवं अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर अशाच पुटकुळ्या औषधाच्या रिअ‍ॅक्शननेही येतात. त्या बहुतेकदा गोळी थांबवल्यावर ओसरतात, त्यासाठी हे महागडं इंजेक्शन नको.