सभासद कार्ड म्हणून हाती पडलेले क्रेडिट कार्ड

मी सातारा येथे राहतो आणि एका माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे. गणिताचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण पुढे जे घडले त्यात दुसऱ्यांनी मला अर्धवट माहिती दिली हे खरे असले, तरी त्या अर्धवट माहितीवर चुकीचा भागाकार मांडून निश्चिंत झालो तो मीच होतो. दुकानाचे किंवा बँकेचे नाव येथे देत नाही. हाच प्रकार कुठल्याही मोठ्या दुकानात, कुठल्याही बँकेच्या कार्डाबाबत घडू शकतो, म्हणून तो कसा घडतो एवढेच तपशिलाने लिहीत आहे.

मुलीचे लग्न फेब्रुवारी 2024 मध्ये ठरले होते. बस्ता साताऱ्यातच बांधायचा होता, परंतु आहेराचे तयार कपडे, बॅगा, स्वयंपाकघरातील भांडी आणि इतर किरकोळ वस्तू एकाच ठिकाणी मिळतील म्हणून 5 नोव्हेंबर 2023 रोजी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, आम्ही पती-पत्नी पुण्यातील एका मॉलमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेलो. त्या दिवशी खरेदी थोडीच झाली. बिलाच्या रांगेत असताना दुकानाच्याच रंगाचा टी-शर्ट घातलेला एक तरुण हातात टॅब घेऊन जवळ आला. "काका, सभासद कार्ड आहे का? नसेल तर दोन मिनिटांत करून देतो. दर खरेदीवर गुण मिळतात, पहिल्या वर्षी एक रुपयाही फी नाही," असे तो म्हणाला. तो दुकानाचा कर्मचारी नसून कार्ड देणाऱ्या बँकेने नेमलेल्या एजन्सीचा माणूस होता, हे मला सहा महिन्यांनी कळले.

त्याने मोबाइल क्रमांक विचारला, पॅन क्रमांक विचारला आणि बँक कोणती तेही विचारले. योगायोगाने माझे निवृत्तिवेतनाचे खाते ज्या बँकेत आहे, त्याच बँकेचे ते कार्ड होते. "मग तर कागदपत्रंसुद्धा नकोत काका," असे म्हणून त्याने टॅबवर भराभर बोटे फिरवली. माझ्या फोनवर तीन वेळा ओटीपी आला आणि तिन्ही वेळा मी फक्त आकडे वाचून दाखवले. हे तिन्ही संदेश माझ्या फोनमध्ये अजून आहेत. पहिला दुकानाच्या सभासदत्वाचा आहे. दुसऱ्यात, मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज करीत असून माझी पतमाहिती तपासण्यास संमती देत आहे, असे इंग्रजीत स्पष्ट लिहिले आहे. तिसऱ्यात दरमहा किमान देय रक्कम माझ्या बचत खात्यातून आपोआप वळती करण्यास मी मान्यता देत असल्याचे म्हटले आहे. आकड्यांच्या अलीकडची ती एक ओळ वाचायला दहा सेकंदही लागली नसती. मागे उभ्या असलेल्या लोकांची घाई होती, आणि समोरचा मुलगा इतक्या अदबीने बोलत होता की संदेश वाचत बसणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे वाटले असते.

दिवाळीनंतर कुरिअरने कार्ड आले. त्यावर दुकानाचे चिन्ह ठळक होते आणि बँकेचे नाव लहान अक्षरांत खाली होते. मी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन करून हेच का सभासद कार्ड, असे विचारले, तेव्हा "हो सर, हेच, बिल करताना हे द्या" असे उत्तर मिळाले. सोबतच्या पत्रकात पहिल्या 60 दिवसांत 35,000 रुपयांची खरेदी केल्यास 1,500 रुपयांचे व्हाउचर मिळेल, असे लिहिले होते. त्या व्हाउचरसाठी पुढची खरेदी किमान 5,000 रुपयांची हवी आणि सवलतीतल्या मालावर ते चालणार नाही, ही अट मागच्या पानावर होती.

3 डिसेंबरला आम्ही पुन्हा पुण्याला गेलो आणि 38,500 रुपयांची खरेदी त्या कार्डावर केली. एवढी रक्कम त्या दिवशी माझ्या बचत खात्यात होती. डेबिट कार्ड पुढे केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. "पैसे कसे द्यायचे?" असे मी काउंटरवर विचारले, तेव्हा "तुमच्या खात्याला जोडलेलं आहे, आपोआप कापले जातील" असे सांगण्यात आले. हे वाक्य खोटे नव्हते. किती कापले जातील, हे तेवढे त्यात नव्हते.

7 जानेवारीला खात्यातून 1,925 रुपये वजा झाल्याचा संदेश आला. मी 38,500 ला 1,925 ने भागले. भागाकार 20 आला, बाकी शून्य. इतकी नेटकी विभागणी पाहून दुकानाने 20 महिन्यांचे बिनव्याजी हप्ते बांधून दिले आहेत, अशी माझी खात्रीच झाली आणि पत्नीलाही मी तसे कौतुकाने सांगितले. वास्तविक 1,925 हा हप्ता नव्हता. बिलाच्या 5 टक्के एवढी ती किमान देय रक्कम होती, आणि 5 टक्क्यांनी भागल्यावर 20 येणारच. स्टेटमेंट ई-मेलवर पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येत होते. मी ते उघडले नाही, हा दोष माझा.

आता हिशेब सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले तर खरेदीवर व्याज लागत नाही. एक रुपया जरी मागे ठेवला तरी बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के होता. 3 डिसेंबर ते 7 जानेवारी हे 35 दिवस पूर्ण 38,500 वर आणि त्यापुढे 18 जानेवारीच्या स्टेटमेंटपर्यंतचे 11 दिवस उरलेल्या 36,575 वर, असे सुमारे 2,013 रुपये व्याज झाले. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी धरून आकडा 2,376 झाला. मी भरले होते 1,925. थोडक्यात, पहिला 'हप्ता' भरल्यानंतर माझे देणे 38,951 रुपये झाले होते, म्हणजे मूळ खरेदीपेक्षाही जास्त. त्याच बँकेतल्या माझ्या बचत खात्यात त्या वेळी पुरेसे पैसे तीन-साडेतीन टक्क्यांच्या व्याजावर पडून होते.

7 फेब्रुवारीला 4,205 रुपये कापले गेले, परंतु लग्न आठवड्यावर आले असताना तो संदेश मी पाहिलाही नाही. मार्चच्या सुरुवातीला पासबुक भरून आणले, तेव्हा 1,925 च्या खाली 4,205 दिसले आणि माझा भागाकार कोसळला. मुलाकडून पीडीएफ उघडून घेतल्या. दोन वेळा मिळून 6,130 रुपये भरूनही 18 फेब्रुवारीच्या स्टेटमेंटवर 37,437 रुपये देणे होते. त्यात 1,179 रुपये 'कार्ड संरक्षण योजने'चे होते. जानेवारीत अशा योजनेबद्दल फोन आल्याचे मला आठवत होते. आम्ही पत्रिका वाटायला निघालो होतो आणि "नंतर बोला" म्हणून मी फोन ठेवला होता.

5 मार्चला पूर्ण 37,437 रुपये भरले, ऑटो-डेबिट रद्द केले आणि 8 मार्चला कार्ड बंद करण्यासाठी फोन केला. पलीकडच्या बाईंनी वार्षिक फी माफ करण्यापासून मर्यादा वाढवण्यापर्यंत सर्व काही देऊ केले, आणि शेवटी विनंती नोंदवल्याचे सांगितले. मला वाटले, प्रकरण मिटले. परंतु 18 फेब्रुवारी ते 5 मार्च या 16 दिवसांचे व्याज त्या 37,437 मध्ये नव्हतेच. करासह ते 755 रुपये झाले आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये आले. पूर्ण रक्कम भरली आहे या समजात मी तेही पाहिले नाही. मग 500 रुपये विलंबशुल्क, त्यावर 90 रुपये कर, आणि मे महिन्यात एका वसुली करणाऱ्या माणसाचा फोन, ज्याने आयुष्यात प्रथमच माझ्यासाठी 'थकबाकीदार' हा शब्द वापरला. कार्ड बंद करायचे असेल तर स्टेटमेंटवरची रक्कम भरून भागत नाही. ज्या दिवशी पैसे भरणार त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह अंतिम रक्कम बँकेकडून लेखी मागून घ्यावी लागते.

दुकानात जाऊन विचारले, तर ग्राहक कक्षातून उत्तर आले की कार्ड बँकेचे आहे, आमचा संबंध फक्त गुणांपुरता. बँकेला विचारले, तर दुकानातील प्रतिनिधी तोंडी काय म्हणाला याची आमच्याकडे नोंद नाही. नियमाने पाहिले तर दुकानाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 साली क्रेडिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत अशा भागीदार दुकानाची भूमिका कार्डाचा प्रचार व वितरण करणे आणि आपल्या वस्तू-सेवा उपलब्ध करून देणे एवढ्यापुरतीच ठेवली आहे, आणि कार्ड भागीदारीतून दिलेले आहे हे ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे, असेही म्हटले आहे. म्हणजे कर्ज देणारी बँकच, आणि तक्रारही बँकेकडेच. दुकानात घालवलेला एक दिवस आणि सातारा-पुणे हेलपाटा व्यर्थ गेला.

याच निर्देशांतील काही गोष्टी मला आधी माहीत असत्या तर बरे झाले असते. अर्जासोबत व्याजदर आणि शुल्के सांगणारे एका पानाचे माहितीपत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. मला टॅबवर तसे काही दाखवल्याचे स्मरत नाही. न मागितलेले कार्ड देऊन त्यावर बिल आकारले, तर बँकेला ती रक्कम उलटवून शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. माझ्या बाबतीत हे कलम लागू पडले नाही, कारण मी वाचून दाखवलेला ओटीपी ही संमती ठरली. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण न केल्यास दिवसाला 500 रुपये दंड आहे, मात्र खात्यावर काही देणे नसेल तरच. माझ्या 755 रुपयांनी तो हक्कही घालवला.

जून 2024 मध्ये बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार केली. त्यात मी मोठ्या आवेशाने राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाच्या 2008 च्या निर्णयाचा आधार घेतला होता. वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने म्हटले होते. कोणी आज हाच आधार घेणार असेल तर घेऊ नये, कारण सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला आहे. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून तक्रार नोंदवली. त्यासाठी वकील लागत नाही आणि फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, आणि तो नसल्यामुळे तक्रार परत आल्याचे माझ्या ओळखीत घडले आहे.

त्यानंतर बँक हलली. संरक्षण योजनेचे 1,179 रुपये परत मिळाले, कारण माझ्या संमतीचे कोणतेही ध्वनिमुद्रण किंवा ओटीपी त्यांच्याकडे नव्हता. विलंबशुल्काचे 590 परत आले आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेकडे गेलेली विलंबाची नोंदही दुरुस्त झाली. व्याज मात्र परत मिळाले नाही. बँकेने तिन्ही ओटीपींची वेळ सेकंदासह लिहून पाठवली आणि किमान रकमेचा पर्याय मीच निवडल्याचे सांगितले. टॅबवर 'किमान' आणि 'संपूर्ण' असे दोन पर्याय होते आणि ते बटण माझ्या नव्हे, त्या मुलाच्या बोटाने दाबले गेले, हे सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याजवळ नव्हता. व्याज, कर, संरक्षण योजना आणि विलंबशुल्क मिळून खरेदीच्या वर लागलेल्या एकूण 6,412 रुपयांपैकी 4,643 गेले. माझे 1,540 गुण, ज्यांची किंमत एका गुणाला 25 पैसे या दराने 385 रुपये होती, कार्डाबरोबर बाद झाले.

त्याच वर्षी दिवाळीच्या खरेदीनंतर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे अशाच एका दुकानाचे 'सभासद कार्ड' कुरिअरने आले. ते पाकीट घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा आम्ही ते उघडले नाही आणि त्यांच्या फोनमधले ओटीपीचे संदेश आधी शांतपणे वाचले. महिनाभर कार्ड सुरू केले नाही, तर बँकेला ते सुरू करण्यासाठी ओटीपीद्वारे संमती मागावी लागते, आणि ती न मिळाल्यास सात कामकाजी दिवसांत खाते विनाशुल्क बंद करावे लागते, हे तोवर मला पाठ झाले होते. मागणीचा संदेश आला, त्यांनी उत्तर दिले नाही. दोन वेळा फोन आले, तेव्हा त्यांनी नको एवढेच सांगितले. कार्ड बंद झाल्याचा संदेश ते मला दाखवायला आले, तेव्हा पाकीट अजून चिकटवलेलेच होते.