ड्रॉ डॉट आयओ, पत्र्याचं शेड आणि एक पिवळी शीट: काही महिने वापरल्यानंतर

बँकेचा मेसेज आला, उद्या कार्डावरून पैसे कापले जाणार. घराचे नकाशे काढायचं एक पैसेवालं ॲप मी फुकट मुदतीत वापरायला घेतलं होतं. त्यात माझं सुतारकामाचं पत्र्याचं शेड काढलं, यंत्रं मांडली, आणि छापायला गेलो तर कागदभर तिरपं कंपनीचं नाव. ते घालवायचं तर दर महिन्याला डॉलर मोजा. रद्द करायचं बटण कुठे लपवलंय ते सापडेना. मेल टाकला, तर उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. शेवटी बँकेच्या ॲपमधूनच मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तोडला. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२१ पासून असे आपोआप कापायचे पैसे किमान २४ तास आधी कळवावे लागतात, म्हणून वाचलो. त्या महिन्याच्या पैशांत लाकूड आवळून धरणारा एक बरा एफ-क्लॅम्प येतो, आणि सुतारकामात क्लॅम्प कधीच पुरत नाहीत.

तिथून ड्रॉ डॉट आयओवर आलो. मधे त्याचं नाव डायग्राम्स डॉट नेट होतं, तेच हे. ऑफिसातले लोक यात चौकटी आणि बाण काढतात हे सगळ्यांना माहीत आहे. फुकट आहे, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, फाइल आपल्याच मशीनवर राहते. परभणीत लाइट गेली की आधी वायफाय जातं, त्यामुळे मला हे महत्त्वाचं.

हे वास्तुविशारदाचं सॉफ्टवेअर नव्हे, पण फूट-इंचाचं गणित सोपं आहे. ग्रिडचा एक चौकोन मुळात १० पॉइंटांचा असतो. तो मी ६ इंच धरला, म्हणजे १ फूट झाला २० पॉइंट. माझं शेड १२ बाय १८ फूट, म्हणजे २४० बाय ३६०. आकारावर क्लिक करून उजवीकडे लांबी-रुंदीचे आकडे टाइप करायचे. माउसने ओढत बसू नका. तयार चित्रांच्या संग्रहात सोफे, पलंग, बाथटब आहेत. आपल्या कामाचं तिथे फारसं काही नाही. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत), रंधा मशीन, बेंच या सगळ्यांच्या मी साध्या चौकटी केल्या आणि आत मराठीत नावं लिहिली.

आता मुख्य गोष्ट. १६० बाय ८० ची एक चौकट काढा. तिला पिवळा रंग द्या आणि अर्धी पारदर्शक करा. ही झाली ८ बाय ४ ची प्लायवुड शीट. बाकी सगळं सॉफ्टवेअर एकीकडे आणि ही पिवळी चौकट एकीकडे. वर्कशॉपच्या नकाशात लोक यंत्रं मांडतात, पण अडतं ते यंत्र नाही, अडते ती शीट. सॉची जागा कागदावर जेमतेम सव्वादोन फूट असते, पण आठ फुटी शीट लांबीत फाडायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट, पलीकडे ८ फूट, शिवाय मागे उभं राहायला माणसाला २ फूट. झाले की अठरा! म्हणजे सॉ जवळपास मधोमध ठेवायचा आणि बाकी कशाला जागाच नाही.

मग मी सॉ दाराकडे सरकवला, म्हणजे शीटचं शेपूट अंगणात. पिवळी शीट ओढत दारापर्यंत नेली तर दाराच्या चौकटीला अडकली. दार साडेतीन फुटी, म्हणजे ७० पॉइंट, आणि शीट ८०. आडवी शीट त्यातून जाणारच नाही. दाराचं माप मला पाठ होतं, शीटचंही पाठ होतं, पण दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय डोक्यात उजेड पडला नाही. वेल्डरला अजून सांगितलेलं नव्हतं. त्याऐवजी दोन पाखी पाच फुटी पत्र्याचं दार करून घेतलं, आणि सॉला चार फूट सरकायला मिळाले. आतल्या टोकाला बेंच बसला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही सुचवेन, आणि मागच्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना न विचारता सुचवलंही आहे.

सुरुवातीला आणखी एका गोष्टीने मी खूश होतो, ते चिकटणारे बाण. रॅकपासून सॉ, सॉपासून रंधा, रंध्यापासून बेंच असा लाकडाचा प्रवास बाणांनी दाखवला. यंत्र हलवलं की बाण आपोआप मागे येतात. आठवडाभर बघून हसू यायचं. आता सगळे बाण काढून टाकले. यंत्र हललं की बाण वाटेल तिथून वळसे घेतो, भिंतीतून जातो, आणि एवढ्याशा शेडमध्ये कोणत्या वाटेने जायचं हे पायांना कळतंच. बाण ऑफिसवाल्यांना ठेवा.

थर (लेयर) मात्र कामाचे. भिंती एका थरात, त्याला कुलूप, म्हणजे त्या चुकून हलत नाहीत. यंत्रं दुसऱ्यात, भुशाचे चार इंची पाइप तिसऱ्यात, वायरिंग चौथ्यात. दोन एचपीच्या सॉला घरगुती लाइनवर चालताना साधारण दहा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. भुसा ओढणारा पंखा त्याच वेळी चालू असतो. दोन्ही एका सॉकेटवर टाकले तर एमसीबी पडणारच. म्हणून दोन वेगळ्या लाइन, १६ अँपिअरचे सॉकेट आणि सी कर्व्हची एमसीबी. ती बी कर्व्हपेक्षा सुरुवातीचा झटका जास्त सहन करते. इलेक्ट्रिशियनला फक्त वायरिंगचा थर चालू ठेवून चित्र पाठवलं, तर तो म्हणाला, "सर, असं कुणी दिलं तर आमाला भिंती पुन्हा फोडाव्या लागत नाहीत."

पाठवण्यातली एक मेख सांगतो. पीएनजी काढताना त्यातच नकाशाची प्रत ठेवायची सोय आहे, म्हणजे तेच चित्र पुन्हा उघडून बदलता येतं. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ती प्रत गळून जाते आणि उरतं नुसतं चित्र. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माझं मत इथपर्यंत पाचपैकी पाच होतं. मग मिस्त्रींनी छापील कागद बघितला. "समदं बराबर हाय सर, पण शीट उभी कुठं करता? पत्र्याला लागती की." सॉफ्टवेअरला उंची ठाऊक नाही. शेडचा पत्रा एका बाजूला साडेदहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ. आडवी शीट उचलून उभी करताना तिचा कर्ण वर येतो, आणि ८ बाय ४ चा कर्ण जवळपास ९ फूट. म्हणजे सखल भिंतीशी शीट उभी होणारच नाही, आणि मी रॅक तिथेच काढला होता, कारण तिथे सावली.

एक गुण कापायच्या विचारात होतो. पण त्याच फाइलमध्ये दुसरं पान उघडून शेड बाजूने काढलं, उतरता पत्रा काढला, पिवळी शीट तिथे चिकटवली आणि कोनाच्या खान्यात अंश टाकत फिरवली, तर कुठे लागते ते स्पष्ट दिसलं. उंच भिंतीपासून साधारण सात फुटांपर्यंतच ती उभी करता येते. रॅक तिकडे गेला. छताचा पंखाही त्याच पानावर काढला, तर शीट पत्र्याच्या आधी पंख्याला धडकत होती. तो उतरवला, भिंतीवरचा लावला. गुण परत दिला.

प्रश्न राहिलाय तो कूलरचा. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखाली कूलरशिवाय रंधा मारून दाखवा. पण कूलर ओली हवा फेकतो, सॉच्या बिडाच्या टेबलावर गंज चढतो आणि सागवानी फळ्या फुगतात. त्यामुळे त्याचा झोत सॉवर नको, फळ्यांवरही नको, आणि समोरची खिडकी उघडी हवी, म्हणजे भुसाही बाहेर जाईल. हवेच्या झोतासाठी निळी पट्टी काढली आहे, ती पिवळ्या शीटइतकी खरी नाही. सध्या कूलर दाराच्या कोपऱ्यात बसतोय, म्हणजे शीटचं शेपूट बाहेर काढायचं तेव्हा त्याला ढकलायचं. चाकं लावून घेणार आहे, उन्हाळ्याआधी.

फोनवर मात्र हे उघडू नका. बोट एकीकडे लागतं, हलतं दुसरंच, आणि भिंतीच्या थराला कुलूप नसेल तर शेड शेजाऱ्याच्या अंगणात जातं.