'द वॉकिंग डेड'चे चार ठोकळे: नऊ महिन्यांनंतर

मागच्या पावसाळ्यात 'द वॉकिंग डेड' या कॉमिकचा पहिला कंपेंडियम, म्हणजे एकत्रित जाडजूड खंड, घरी आला, तेव्हा नवऱ्याने तो हातात तोलून विचारलं होतं, "हा वाचायचा की यावर वाटण वाटायचं?" प्रश्न रास्त होता. 1 ते 48 अंक एकाच पुठ्ठ्यात, हजाराहून जास्त पानं. असे चार खंड मिळून 193 अंक. चौथा होळीच्या सुमारास संपला आणि आता दुसऱ्या फेरीत गोष्टीतल्या तुरुंगापर्यंत आलेय. टीव्हीवरची मालिका मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे सगळं फक्त कॉमिकबद्दल. मोठे मृत्यू फोडणार नाही, पण थोडंफार निसटेल.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी: केंटकीतला पोलीस रिक ग्राइम्स गोळी लागून कोमात जातो. शुद्धीवर येतो तेव्हा हॉस्पिटलात जिवंत माणूस नाही, कँटीनचं दार उघडलं तर आत चालती मढी. बायको-मुलाला शोधत तो अटलांटा गाठतो. मढी का उठली, हे लेखक रॉबर्ट कर्कमन शेवटपर्यंत सांगत नाही. गंमत म्हणजे, प्रकाशकाने कथा घ्यावी म्हणून त्याने 'यामागे परग्रहवासी आहेत' अशी थाप मारली होती आणि नंतर ती कबूलही केली. कारण सांगितलं नाही ते बरंच झालं. एक नियम मात्र तो पक्का पाळतो: चावा बसो न बसो, जो मरेल तो उठणार. त्यामुळे इथे कुणी मेलं की रडायलाही सवड नसते. आधी कुणीतरी ते शेवटचं काम उरकायचं असतं. ते कोण करणार, यावरच कितीतरी प्रसंग उभे राहतात.

चित्रांबद्दल माझं मत दोनदा बदललं.

पहिले सहा अंक टोनी मूरने काढलेत. रेष स्वच्छ, गोलाईदार, सडलेल्या कातडीचा पापुद्रा न् पापुद्रा मोजून घ्यावा अशी. पहिल्याच अंकात रिकला सायकलीपाशी गवतात पडलेलं एक अर्धवट सडलेलं मढं दिसतं. ते नुसतं तोंड हलवत असतं. तो सायकल उचलतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पुढे वाट वाकडी करून तो परत येतो आणि त्याला गोळी घालतो. मी तिथेच अडकले. मग सातव्या अंकापासून चित्रकार बदलतो. चार्ली ॲडलार्ड येतो आणि थेट 193 पर्यंत तोच. पहिल्यांदा वाचताना मला अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं. रेष खरबरीत, चेहरे अर्धे काळ्यात बुडालेले, आणि रिकची टोळी आसऱ्याला राहते त्या तुरुंगात माणसं वाढली की 'हा कोण आणि तो कोण' हे बघायला चार पानं मागे जावं लागायचं. ही तक्रार दुसऱ्या फेरीतही कायम आहे.

पण दुसऱ्या खंडात तुरुंग सुटल्यानंतर रिक आणि त्याचा मुलगा कार्ल दोघंच एका रिकाम्या घरात असतात, तो भाग वाचला आणि मी गप्प झाले. बाप बेशुद्ध, पोरगा एकटा. पुढे एका घरात फोन वाजतो, रिक उचलतो आणि पलीकडून कुणीतरी बोलतं. ॲडलार्ड यात काहीही 'भयानक' काढत नाही. एक माणूस, एक रिसीव्हर, अंधार. मूरने हे पान सुंदर काढलं असतं, आणि सुंदर असून चाललं नसतं. ॲडलार्डच्या माणसांना झोप मिळालेली नाही हे दिसतं. मूळ कॉमिक काळं-पांढरं, वर क्लिफ रॅथबर्नच्या करड्या छटा. दिवस कुठला, संध्याकाळ कुठली, हे त्यांच्यावरूनच कळतं. 127 व्या अंकाला कथा साधारण दोन वर्षं पुढे उडी मारते आणि रिक काठी टेकत चालताना दिसतो. तिथे मला घरातलं कुणीतरी म्हातारं झाल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं एकाच हाताने एकच चेहरा काढल्याशिवाय हे जमत नाही.

सांगण्याच्या पद्धतीबद्दल. कर्कमन पान उलटण्यावर खेळतो. उजवीकडच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून पाहतं, पान उलटलं की अख्ख्या पानाचं चित्र. सुरुवातीला दरवेळी फसले. नंतर हात आपोआप थबकायला लागला, आणि ते थबकणंच जास्त घाबरवतं. मात्र हे अंक महिन्याला एक यायचे, हे ध्यानात ठेवा. साधारण बावीस पानांनी एक हिसका ठरलेला. सलग वाचलं तर तो खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यासारखा लागतो. मी शेवटी रोज दोन-तीन अंकांचा रतीब लावला, तेव्हा चव आली.

आता दोष. सुरक्षित जागा सापडते, कुणीतरी क्रूर माणूस येतो, सगळं जळतं, पुन्हा रस्ता: हे चक्र तिसऱ्या खंडापर्यंत ओळखीचं होतं. माणसं भाषणं फार करतात, तीही सगळी एकाच आवाजात. फुगे इतके दाटतात की चित्र अंग चोरून बसतं. गव्हर्नर नावाचा खलनायक आणि रिकच्या टोळीतली मिशोन यांच्या प्रकरणातला लैंगिक अत्याचार मला दुसऱ्यांदा वाचता आला नाही, पानं उलटून पुढे गेले. 100 व्या अंकातला तो प्रसंगही गरजेपेक्षा लांबवलाय. भाचा हावरटासारखा बघतो म्हणून खंड कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत. पाठीवर पडून वाचायच्या सवयीने पहिल्याचा कणा मीच मोडला, शिवाय जोडपानी चित्रांचा मधला भाग शिवणीत जातोच. टेबलावर ठेवून वाचा.

शेवटाबद्दल एकच. 2019 च्या जुलैमध्ये 193 वा अंक आला आणि तोच शेवटचा निघाला. आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, उलट पुढच्या अंकांच्या जाहिराती करून ठेवल्या होत्या. आपल्याला तो धक्का मिळत नाही, कारण उजव्या हातातली पानं संपत आलेली बोटांना कळतात. मला तेही आवडलं.

2020 च्या ऑक्टोबरपासून याची रंगीत आवृत्ती निघतेय, रंग डेव्ह मकेगचे. मैत्रिणीच्या टॅबवर पहिला अंक पाहिला. काम चोख आहे, नव्या वाचकाला कदाचित तेच सोपं जाईल. मी सायकलीच्या पानापर्यंत गेले, थोडा वेळ पाहिलं, आणि घरी येऊन माझा मोडक्या कण्याचा खंड काढून तेच पान पुन्हा वाचलं.