पायथनमधून फ्लुएंट: सेशनची मालकी कोणाकडे ठेवायची?

अ‍ॅन्सिस फ्लुएंट (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) पायथनमधून चालवायच्या तीन वाटा आहेत. पायफ्लुएंट या पायथन लायब्ररीच्या लाँच_फ्लुएंट फंक्शनने नवं सेशन (फ्लुएंटची एक चालू प्रत) उघडा, कनेक्ट_टू_फ्लुएंट वापरून चालू सेशनला जोडून घ्या, किंवा सबप्रोसेसमधून जर्नल फाइल (कमांड्सची लिहिलेली यादी) देऊन आपोआप चालणारा बॅच रन सोडा. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, तिन्हीकडे तोच असतो. निवडताना एकच प्रश्न विचारा: स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर सॉल्व्हर मरावा की चालत राहावा?

लाँच_फ्लुएंटमध्ये तो मरतो, आणि हे मुद्दाम तसं आहे. स्क्रिप्ट संपताच फ्लुएंट बंद करणारं क्लीनअप_ऑन_एक्झिट मुळातच चालू असतं, शिवाय पायथन अचानक गेलं तर मागे राहिलेलं फ्लुएंट आवरायला एक वॉचडॉगही असतो. लायसन्स अडकून राहत नाही हा फायदा. पण एसएसएच (दूरच्या मशीनशी असलेली जोडणी) तुटून स्क्रिप्ट गेली की रात्रभराचा रनही गेला. इनलेटचा वेग बदलत पंचवीस केसेस काढायच्या असतील तर मात्र हीच वाट घ्या. सेशन एकदाच उघडायचं, लूपमध्ये सेटिंग्ज बदलायच्या, निकाल थेट नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेमध्ये घ्यायचे. दर केसला नवं सेशन उघडाल तर सुरू होण्याचा वेळ आणि लायसन्स मिळवण्याची कटकट पंचवीसदा.

लाँच_फ्लुएंटसाठी फ्लुएंट २०२२ आर२ किंवा त्यापुढचं लागतं. विंडोजवर इन्स्टॉलर फ्लुएंट कुठे आहे ते सांगणारं एडब्ल्यूपी_रूट२४२ सारखं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्वतः लावतो. लिनक्सवर ते आपणच लावायचं, नाहीतर फ्लुएंट सापडतच नाही. सुरू व्हायला ६० सेकंदांची मुदत असते. लायसन्स सर्व्हर लांब असेल किंवा नेटवर्क ड्राइव्ह मंद असेल तर ती पुरत नाही. स्टार्ट_टाइमआउट १८० करून बघा. फ्लुएंट उघडलं पण स्क्रिप्ट जोडली जात नसेल तर कंपनीच्या प्रॉक्सीकडे (नेटवर्कमधल्या मध्यस्थ सर्व्हरकडे) संशयाने बघा: स्क्रिप्ट आणि फ्लुएंटचा संवाद जीआरपीसी या प्रोटोकॉलवरून होतो आणि तो एचटीटीपी_प्रॉक्सी ही सेटिंग मानतो, म्हणून नो_प्रॉक्सीमध्ये लोकलहोस्ट घाला. जुपिटर नोटबुकमध्ये लाँचचा सेल दुसऱ्यांदा चालवण्याआधी जुन्या सेशनवर एक्झिट मारा, नाहीतर दुसरं फ्लुएंट उघडून आणखी एक लायसन्स खाईल.

जर्नलची वाट जुनी, पण लांब रनसाठी अजूनही भरवशाची. कमांड लाइनवर डायमेन्शन, कोअर्सची संख्या आणि जर्नलचं नाव द्यायचं, बस. इथे एक फरक हमखास चकवतो. पायफ्लुएंट न सांगता डबल प्रिसिजन (आकड्यांची जास्त अचूकता) घेतं, तर कमांड लाइनवर नुसतं ‘थ्रीडी’ लिहिलं की सिंगल मिळतं. डबलसाठी पुढे ‘डीपी’ जोडावं लागतं. त्यामुळे दोन्हीकडचे निकाल जुळत नसतील तर आधी हेच तपासा.

जर्नल मोडतं ते प्रश्नोत्तरांवर. टीयूआयच्या (फ्लुएंटच्या मजकुरी इंटरफेसच्या) कमांड्स ओळीने उत्तरं मागतात. आवृत्ती किंवा टर्ब्युलन्स मॉडेल बदललं आणि एक प्रश्न वाढला की पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. आउटपुट फाइल आधीपासून असेल तर ‘ओव्हरराइट करू का?’ हा प्रश्नही आडवा येतो. म्हणून जर्नलच्या पहिल्याच ओळीत बॅच ऑप्शन्स लावा: ओव्हरराइटची विचारणा बंद, चूक झाल्यास बाहेर पडणं चालू. रन मध्येच अडकला तर वर्किंग डिरेक्टरीत ‘क्लीनअप-फ्लुएंट’ने सुरू होणारी स्क्रिप्ट असते; ती चालवली की उरलेल्या प्रोसेसेस जातात. ती फाइल कचरा समजून आधीच पुसू नका.

कनेक्ट_टू_फ्लुएंट तिसरा, आणि आमच्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा. फ्लुएंट ‘एसआयफाइल’ पर्यायासह सुरू केलं की ते पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड एका छोट्या फाइलमध्ये लिहितं. स्क्रिप्टला त्या फाइलचं नाव द्यायचं. इथे क्लीनअप_ऑन_एक्झिट मुळात बंद असतं, म्हणून स्क्रिप्ट गेली तरी सॉल्व्हर चालत राहतो आणि सकाळी पुन्हा जोडून घेता येतं. क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक मशीन्सवर) ती फाइल सामायिक डिरेक्टरीत ठेवा आणि ते पोर्ट फायरवॉलमधून जातं का ते आधीच पाहा. फ्लुएंट पुन्हा सुरू केलं की पोर्ट आणि पासवर्ड बदलतात. कालची फाइल आज चालणार नाही.