रंगांची पेटी म्हणून आली नेलपॉलिशची बॅग

आधी आकडा सांगून टाकतो: ५,८०० रुपये. त्यातले २,९०० एका पेटीपायी गेले आणि उरलेले २,९०० ते पहिले परत मिळवण्याच्या नादात. दुसरा भाग लिहायला जास्त जड जातंय, पण वाचणाऱ्याच्या कामाचा तोच जास्त आहे.

मी छोटे पुतळे रंगवतो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा. त्यावरचे मातीचे मावळे मामा पुण्याहून आणायचा आणि बडोद्याला पोचेस्तोवर निम्म्यांच्या तलवारी मोडलेल्या असायच्या. त्या जोडून, रंगवून मावळे उभे करायचं काम माझ्याकडे. ते पुढे सुटलंच नाही. आता मावळे रेझिनचे असतात, २८ मिलीमीटरचे, म्हणजे उभा माणूस जेमतेम इंचभर, आणि पागोट्याच्या घड्या रंगवायला भिंगाचा दिवा लागतो. आम्ही पाच-सहा जण रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. कुणी मराठ्यांचं घोडदळ रंगवतं, एक गुजराती डॉक्टर आहेत ते फक्त नेपोलियनचे शिपाई.

अडचण सामान न्यायची. माझा सगळा संसार फराळाच्या दोन डब्यांत होता. बाटल्या आडव्या, ब्रश खाकी पाकिटात, पुतळे कापसात. स्कूटरच्या पायाशी डबे ठेवून रावपुऱ्यातून जायचं, आणि उघडल्यावर एखादा भाला कापसात अडकून तुटलेला सापडायचा. शिवाय आईचं वेगळंच. "चकलीचा डबा आहे तो, टर्पेंटाइनचा वास मारतोय." मी ॲक्रिलिक वापरतो, त्यात टर्पेंटाइन नसतं, पण हा वाद जिंकून फायदा काय?

अशात इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. लाकडी पेटी, पितळी कड्या, झाकण उघडलं की पायऱ्यांसारखे वर येणारे कप्पे, ऐंशी बाटल्यांची जागा, ब्रशांना खाचा, आणि तळाच्या खणात चुंबक धरणारा पत्रा. त्या पत्र्यावर मी विरघळलो. पुतळ्याच्या बैठकीखाली निओडायमियमचा इवलासा चुंबक चिकटवला आणि खाली लोखंडी पत्रा असला, की पुतळा फोममध्ये दाबून बसवावा लागत नाही. भाले, झेंडे, घोड्यांचे पाय सगळं मोकळं राहतं. किंमत २,९००. परदेशातून असली पेटी मागवायची तर टपालखर्चालाच एवढे पुरत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मनात एकच शब्द आला: स्वस्त.

व्हॉट्सॲपवर मी चार प्रश्न विचारले. लाकूड कुठलं, पॉलिश गडद मिळेल का, कड्या खऱ्या पितळेच्या का, बडोद्याला किती दिवसांत येईल. चारही बिनकामाचे. उत्तरं मात्र झटपट आणि गोड. "टेन्शन नहीं लेवानुं, काका. फर्स्ट क्लास माल छे." माझं वय ४६. असो.

विचारायला हवं होतं ते हे, की बाटलीच्या भोकाचा व्यास किती? व्हॅलेहो या रंगांच्या कंपनीची ड्रॉपरवाली बाटली २६ मिलीमीटरच्या भोकात नीट बसते. सिटाडेल या दुसऱ्या कंपनीची १२ मिलीची डबी बुटकी आणि रुंद, तिला ३४ ते ३६ लागतं. ज्याने खरंच अशी पेटी केली आहे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे सांगता येतील, कारण भोकं त्यानेच पाडलेली असतात. आणि मागायला हवा होता एक व्हिडिओ: हीच पेटी, त्यात रंगाची एक बाटली, शेजारी आजचं वर्तमानपत्र. मी फोटोंवर भागवलं. ते फोटो नंतर, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर, गूगल लेन्समध्ये टाकले तर अर्ध्या मिनिटात एका परदेशी कंपनीच्या पानावर जाऊन थडकलो. तेच टेबल, तीच खिडकी, कोपऱ्यात तोच चहाचा मग.

डिलिव्हरीला पैसे चालणार नव्हते. "हाथनुं काम छे काका, लोको पाछुं मोकले छे." हाताचं काम, लोक परत पाठवतात, हे मला पटलंसुद्धा! मी स्वतः हाताने काम करणारा. यूपीआयवर पैसे पाठवताना दुकानाच्या नावाऐवजी कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं. मालकाचं असेल म्हणून पुढे गेलो.

नवव्या दिवशी कुरियरवाल्याने खोकं दोन बोटांत धरून दिलं. लाकडाची पेटी दोन बोटांत धरता येत नाही. आत गुलाबी रेक्झिनची चेनवाली बॅग, आणि तिच्या आतलं लेबल खरवडून वर 'आर्टिस्ट केस' असा स्टिकर. मुलगी शाळेतून आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ही नेलपॉलिशची बॅग आहे. मंगळ बाजारात साडेतीनशेला मिळते."

खरं सांगायचं तर नेलपॉलिशची बॅग रंगांना अगदीच वाईट नसते. साडेतीनशेला घेतली असती तर तक्रार नव्हती. पण हिचे कप्पे सैल आणि उथळ होते. त्यात ड्रॉपरची उंच बाटली कलते, प्रवासात आडवी होते आणि टोपणातून रंग पाझरतो. तळाला चकचकीत पत्रा होता खरा. त्यावर मावळा ठेवला, बॅग जरा तिरकी केली, मावळा घरंगळला. ॲल्युमिनियम! आणि 'स्टीलचा आहे' एवढ्या उत्तरानेही कुणी समाधान मानू नये. स्वयंपाकघरातल्या वाट्या-ताटल्यांना चुंबक लावून बघा, कितीतरी स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाही.

आता दुसरा भाग. मी चिडून फोटो पाठवले. उत्तर अत्यंत नम्र: गोदामात अदलाबदल झाली, पैसे परत करतो. तासाभराने वेगळ्या नंबरवरून फोन, हिंदीत, "रिफंड डिपार्टमेंट से." त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, २,९०० दिसतील, पिन टाका, खात्यात जमा होतील.

आईला यूपीआय मीच शिकवलं. तिला निदान दहा वेळा सांगितलंय की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. मी स्कॅन केलं. पडद्यावर पैसे देत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं, ते मी वाचलं, आणि पिन टाकला. का, ते अजून नीट सांगता येत नाही. भांडायची तयारी करून बसलो होतो आणि समोरचा भांडतच नव्हता, सारखं सॉरी म्हणत होता. बहुधा त्यानेच घात केला. पैसे गेल्यावर तो म्हणाला, "सर, टेक्निकल इश्यू, अब पाँच हज़ार आठ सौ का करना पड़ेगा, दोनों साथ में आएँगे." तेव्हा कुठे हात थांबला.

फोन ठेवून १९३० लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक, आणि तो लगेच लावावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात असेतोवरच गोठवता येते. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, बँक, हे हाताशी ठेवा. मी शोधण्यात दहा मिनिटं घालवली. बँकेलाही कळवलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून नाहीत. पेटीसाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला. ऑनलाइन विकणाऱ्याने ते आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायलाच हवं, असा २०२० चा नियम आहे. माझ्याकडे होतं एक इन्स्टाग्रामचं नाव आणि खोक्यावर गाळा क्रमांक. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही म्हणे, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध?

आमच्यातला एक जण इथल्याच फाइन आर्ट्सला शिकलेला. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही, आणि मला मांडवीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेला. प्लास्टिकचा तीन मजली टूलबॉक्स, जाड फोमचा तुकडा, आणि तळाला कापून घेतलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा, त्याला चुंबक घट्ट धरतो. फोममध्ये २६ ची भोकं सुताराने होल-सॉने पाडून दिली. बाटल्या उभ्या राहतात. ब्रश आडवे, टोकाला टेकू न देता आणि पूर्ण वाळल्यावरच आत, नाहीतर बंद डब्यात ओल धरते. सगळं मिळून हजाराच्या आत. दिसायला प्लंबरचा डबा वाटतो. गेल्या रविवारी डॉक्टरांच्या वॉचमननेही तसंच समजून मला मागच्या दाराने पाठवलं.

चकलीचा डबा आईने चिंच लावून दोनदा घासला आणि ताब्यात घेतला. गुलाबी बॅग मुलीने नेली.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव नवं, फोटो तेच, चहाचा मगही तोच, किंमत २,४९९. मुलीच्या फोनवरून विचारलं, "भोकाचा व्यास किती?" उत्तर आलं, "फर्स्ट क्लास छे, बेन." पुन्हा विचारलं. मग त्यांनी तिला ब्लॉक केलं.