रेव्हिटमध्ये उताराची साइट आणि बिल्डिंग जुळवणं: टोपोसॉलिड बरेच महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस पुण्यात पण कामं बरीचशी दापोली-गुहागर पट्ट्यात, तिथे सपाट प्लॉट मिळणं मुश्कीलच. त्यामुळे जमिनीचा उतार आणि बिल्डिंगचं मॉडेल एकमेकांवर नीट बसणं हा आमचा रोजचा विषय. रेव्हिट या बिल्डिंग मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ च्या आवृत्तीत टोपोसरफेसच्या (जमिनीचा नुसता पृष्ठभाग) जागी टोपोसॉलिड (जाडी असलेली भरीव जमीन) आला, आम्ही आता सगळी कामं त्यातच करतो आणि मला तो मनापासून आवडलाय. पण नवीन घेणाऱ्यांना एक सांगतो, खरं काम टोपोसॉलिड बनवायच्या आधीच असतं, कोऑर्डिनेट्स आणि आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या शून्यापासूनची उंची) पक्के करण्यात. ते जमलं की पुढचं सगळं सोपं.

सर्व्हेवाला डीजीपीएस (अचूक जीपीएस) लावून डीडब्ल्यूजी (कॅडची फाइल) देतो ती बहुतेक यूटीएम या मीटरमधल्या जागतिक कोऑर्डिनेट पद्धतीच्या झोन ४३ मध्ये असते, दापोलीकडे ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) तीन लाख मीटरच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) साडेएकोणीस लाखांच्या पुढे. आणि रेव्हिटला सगळी जॉमेट्री इंटर्नल ओरिजिनपासून (मॉडेलचा स्वतःचा शून्य बिंदू) १६ किलोमीटरच्या आत हवी असते, त्याच्या फार बाहेर गेलं की रेषा वेड्यावाकड्या दिसायला लागतात, स्नॅपवर भरवसा राहत नाही. म्हणून ती फाइल ओरिजिन टू ओरिजिन लिंक करायचीच नाही, सेंटर टू इंटर्नल ओरिजिन करायची, आणि मग बिल्डिंगला अजिबात हात न लावता लिंकच हलवायची, फिरवायची, आपल्या ग्रिडखाली बरोबर आली की अक्वायर कोऑर्डिनेट्स ही कमांड, म्हणजे मॉडेल त्या फाइलचे कोऑर्डिनेट्स घेतं.

उंचीचंही तसंच, आणि इथेच जास्त लोक अडकतात. समजा जोत्याची लेव्हल आरएल ८७.४५० ठरली, तर अक्वायर करायच्या आधी लिंक ८७.४५० मीटर खाली घ्यायची. मग लेव्हलच्या टाइप प्रॉपर्टीत एलिव्हेशन बेस (उंची कशापासून मोजायची ते) सर्व्हे पॉइंट, म्हणजे सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सचा संदर्भ बिंदू, केला की ०.०० च्या जागी ८७.४५० दिसतं, बिल्डिंग तसूभरही हलत नाही. स्पॉट एलिव्हेशनचा ओरिजिनसुद्धा तसाच बदलायचा, नाहीतर सेक्शनमध्ये एक आकडा आणि साइट प्लॅनवर दुसरा. अक्वायर केल्यावर सर्व्हे पॉइंट कुठेतरी लांब जाऊन बसतो, घाबरू नका, पेपरक्लिपच्या चिन्हावर क्लिक करून तो अनक्लिप करा आणि टीबीएमवर (उंची ठरवून दिलेली साइटवरची खूण) आणून ठेवा, अनक्लिप असताना हलवला तर कोऑर्डिनेट्स बदलत नाहीत. क्लिप असताना हलवला तर बदलतात, एवढा फरक टीममधल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवा.

आरएल कशावरून काढलीय हे मात्र सॉफ्टवेअर सांगणार नाही. कोणी मोरीचा कोपरा १००.००० धरतो, कोणी जीपीएसची कच्ची उंची तशीच देतो. ती उंची इलिप्सॉइडवरून (पृथ्वीचा गणिती आकार) असते आणि कोकण किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहूनही अधिक खाली येते, म्हणजे समुद्राकाठचा प्लॉट चक्क मायनसमध्ये दिसतो! आमच्या एका कामात प्लॉटचा सर्व्हे एकाचा, रस्त्याचा दुसऱ्याचा, दोघांचा डेटम (उंची मोजायचा शून्य) वेगळा, त्यामुळे गेटचा रॅम्प कागदावर जमेचना, शेवटी दोघांना एकच टीबीएम देऊन लेव्हल परत घ्यायला लावल्या. आणि कंटूरला (समान उंचीच्या रेषा) झेड, म्हणजे खरी उंची, आहे का हे पण आधी बघा, बऱ्याच फायलींत आकडे नुसते टेक्स्टमध्ये असतात, बाजूने थ्रीडीत बघितलं की सगळे कंटूर एका रेषेत दिसतात.

आता टोपोसॉलिड. कॅडवरून बनवताना फक्त कंटूर आणि स्पॉट लेव्हलचे लेयर निवडा, सगळे ठेवले तर विजेच्या खांबाचं टोकसुद्धा जमीन होऊन बसतं. फ्लोअरसारखे थर देता येतात, वर माती खाली जांभा, सेक्शन एकदम कामाचा निघतो. २०२५ मध्ये एक्स्कव्हेट आलं हे माझ्या मते सगळ्यात मोठं पाऊल, फ्लोअर स्लॅब निवडला की तेवढी खोदाई आपोआप कापली जाते आणि तिचं घनफळही मिळतं, टप्प्याटप्प्याच्या घराला तर फारच उपयोगी. क्लायंटसमोर जोता तीस सेंटिमीटर वर घेऊन खोदाई किती कमी होते ते तिथल्या तिथे दाखवता येतं.

कमी पडतो तो गडग्यांवर (दगडी बांध). आमच्याकडे आंब्याच्या बागा टप्प्यांच्या, प्रत्येक टप्प्याला जांभ्याचा गडगा, आणि कंटूरवरून बनलेली जमीन ती उभी उडी गुळगुळीत उतार करून टाकते. त्यासाठी गडग्याच्या वरचे आणि पायथ्याचे पॉइंट वेगळे हवेत आणि प्लॅनमध्ये दोघांत थोडं अंतर हवं, एकावर एक दोन उंच्या तो घेत नाही. अवकाशातून घेतलेल्या फुकटच्या डेटाने हे होणार नाही, एसआरटीएमचा (स्पेस शटलच्या रडारने मोजलेल्या उंचीचा डेटा) एक ठिपका साधारण ३० मीटरचा, त्यात आख्खं घर मावतं.

म्हणून सर्व्हेची ऑर्डर देतानाच लिहून द्या: झेडसकट कंटूर, टीबीएम कुठे आणि कशावरून त्याचा फोटो, गडग्याच्या दोन्ही बाजूंच्या लेव्हल, आणि रस्त्याच्या मध्यरेषेच्या लेव्हल प्लॉटच्या हद्दीबाहेरही थोड्या अंतरापर्यंत.