संशोधनाचे निष्कर्ष आधी मंत्रालयात न्यावेत की आरोग्य केंद्रात?

गावपातळीवरचा आरोग्य अभ्यास पूर्ण झाला, की छोट्या संस्थेला ठरवावे लागते: निष्कर्ष घेऊन थेट मुंबई गाठावी आणि शासन निर्णयासाठी पाठपुरावा करावा, की आपल्याच तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात काम करताना मी दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. माणसे मोजकी असली की दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देणे होत नाही.

मंत्रालयाच्या मार्गाचे बळ मोठे आहे. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा भेटी देतात. धोरण झाले नसते तर हे काम देशभर पोहोचलेच नसते. सिकलसेलसारख्या आजाराचे औषध शासकीय यादीत आणणे किंवा तपासणीसाठी निधी मिळवणे तालुक्याच्या हातात नसते.

आमचा विषय मात्र वेगळा होता. कमी वजनाचे बाळ हिवाळ्यात घरी आणल्याबरोबर न्हाऊ घातले जाते आणि गार पडते, हे आम्हाला घरोघरी दिसत होते. निरोगी बाळाचीसुद्धा पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशक्त बाळाच्या बाबतीत तर अधिकच थांबायला हवे. आमच्या पाठपुराव्यामुळे ही सूचना परिपत्रकातून खाली आली आणि नोंदवहीत एक रकाना वाढला: ‘बाळाला आंघोळ घातली का?’ थोड्याच काळात त्या रकान्यात सर्वत्र ‘नाही’ अशी नोंद दिसू लागली, आणि घराघरांत बाळाच्या न्हाणीसाठी पाणी तापतच राहिले. याचा दोष मी आशाताईंना देणार नाही, कारण ‘होय’ लिहिले की खुलासा मागितला जात असे. वरून आलेल्या कागदाला खालून प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, आणि माझ्यापुरता निर्णय याच एका गोष्टीने केला.

नंतर तोच विषय आम्ही आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत मांडला आणि आशाताईंच्या कामाला मार्गदर्शन करणाऱ्या गटप्रवर्तकांच्या मदतीने घरातील आजींपर्यंत नेला. तेव्हा एका आजीने विचारले, “आंग नाही धुवाचं म्हणता, मंग घरातल्यायनं लेकराले घ्यावं कसं?” न्हाल्याशिवाय बाळ शुद्ध होत नाही, ही त्या घराची अडचण होती आणि आमच्या अहवालात तिचा उल्लेखही नव्हता. बाळाला कोमट ओल्या कपड्याने हळुवार पुसावे, लगेच कोरडे करावे, टोपडे घालून आईच्या छातीशी ठेवावे, अशी तडजोड त्या आजींनीच मान्य केली आणि शेजारणींनाही सांगितली. या बदलाचे काटेकोर मोजमाप आम्ही केलेले नाही. तरीही त्यानंतरच्या हिवाळ्यात गृहभेटींना गेल्यावर पाय गार पडलेली बाळे मला कमी आढळली, एवढे नक्की सांगतो.

या मार्गात वैद्यकीय अधिकाऱ्यांची बदली झाली की ओळखीपासून पुन्हा सारे सुरू करावे लागते, आणि काम तालुक्याची हद्द सहसा ओलांडत नाही. पण गडचिरोलीचे उदाहरण धीर देणारे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याची पद्धत राबवली, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारित देशव्यापी कार्यक्रम २०११ मध्ये आला. धोरण उशिरा आले, परंतु ते आले तेव्हा गावातील स्त्रीने हे काम कसे करायचे, हे आधीच ठाऊक होते.

आपल्या निष्कर्षासाठी नवे औषध, नवे पद किंवा वेगळा निधी लागत असेल, तर मंत्रालयाला पर्याय नाही. पण प्रश्न घरातील सवयीचा असेल, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे निवेदनाचा मसुदा वर्षभर बाजूला ठेवावा आणि आरोग्य केंद्राची पुढची मासिक सभा केव्हा आहे, याची आधी चौकशी करावी.